सातबारा किती खोल जातो?

सिनॉप्सिसची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज एका प्रयोगापासून सुरुवात करू. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातलं पुसेगाव घ्या. तिथल्या शिवारातला एखादा गट नंबर मनात धरा. वर सोयाबीन, बांधाला तूर, कडेला विहीर. सातबाऱ्यावर शेतकऱ्याचं नाव. आता प्रश्न असा: हे नाव जमिनीखाली किती खोल लागू होतं? विहिरीच्या तळापर्यंत? बोअरच्या टोकापर्यंत? की दोन किलोमीटर खाली असलेल्या खडकापर्यंत?

आधीच स्पष्ट करतो, पुसेगावात शेल गॅस सापडलेला नाही. पायाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे. सरकारच्या गाळखोऱ्यांच्या यादीत 'डेक्कन सिनेक्लाइज' हे नाव आहे, पण ते सगळ्यात खालच्या गटात. शेलच्या चर्चेत नेहमी येतात ती खंबात, कृष्णा-गोदावरी, कावेरी, दामोदर ही खोरी. मग पुसेगाव कशाला? कारण कायद्याचा प्रश्न समजायला गॅस सापडायची वाट बघावी लागत नाही. उलट गॅस नसताना तो जास्त स्वच्छ दिसतो.

आता मूळ तक्रारीकडे येतो. 'भारतातील शेल गॅस: कायदेशीर व व्यावहारिक आव्हाने' अशा धाटणीचे पेपर तुम्ही वाचले असतील. यादी जवळपास ठरलेली असते: मालकीचा वाद, रॉयल्टीतून होणारी कपात, शेजाऱ्याच्या हद्दीत जाणाऱ्या भेगा, लीजची मुदत, पाण्याचं प्रदूषण. यादी खोटी नाही. पण ती पेनसिल्व्हेनिया आणि टेक्सासची आहे. शेवटी 'भारतीय संदर्भात' असा एक परिच्छेद जोडला की पेपर तयार. माझं म्हणणं असं की या यादीतले निम्मे प्रश्न आपल्याकडे उद्भवतच नाहीत, आणि जे उद्भवतात ते यादीत नसतात.

अमेरिकेतून सुरू करू. तिथे बऱ्याच ठिकाणी जमिनीखालचं खनिज खासगी मालकीचं असतं. कंपनी शेतकऱ्याशी करार करते, सुरुवातीला एकरी रक्कम देते आणि पुढे उत्पादनातला हिस्सा. पेनसिल्व्हेनियाच्या १९७९ च्या कायद्याने हा हिस्सा किमान एक-अष्टमांश ठरवला. म्हणून तिथे वाद होतो तो 'एक-अष्टमांश कशाचा?' यावर. गॅस स्वच्छ करून बाजारात नेण्याचा खर्च आधी वजा करायचा का? २०१० मध्ये किल्मर विरुद्ध एलेक्स्को या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असा खर्च वजा करायला मोकळीक दिली. टेक्सासमध्ये २००८ च्या गार्झा खटल्यात प्रश्न होता भेगांचा: माझ्या विहिरीतून पाडलेली भेग तुमच्या जमिनीखाली गेली आणि तुमचा गॅस माझ्याकडे आला, तर भरपाई मिळेल का? न्यायालयाने 'ज्याने काढला त्याचा' हा जुना नियम लावला.

आता हे दोन्ही खटले पुसेगावच्या गटावर ठेवून बघा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ४८ सांगतं की खनिजं, मग ती पृष्ठभागावर असोत की खाली, राज्य सरकारकडे निहित आहेत. म्हणजे शेतकऱ्याला रॉयल्टी नाहीच. मग कपातीचा वाद कुठून येणार? शेजाऱ्याचा गॅसही शेजाऱ्याचा नाही, त्यामुळे गार्झाचा प्रश्नही गॅसपुरता संपला.

इथे एक सापळा आहे. २०१३ मध्ये थ्रेसियाम्मा जेकब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जमिनीखालचे हक्क साधारणपणे जमिनीच्या मालकीबरोबर जातात, कायदेशीर मार्गाने काढून घेतले असतील तर गोष्ट वेगळी. हे वाचून काही जण घाईने लिहितात की भारतातही खनिज शेतकऱ्याचंच. तो खटला केरळातल्या मलबारच्या जन्मी जमिनींचा होता. आपल्याकडे कलम ४८ उभं आहे. निकाल वाचताना तो कुठल्या जमिनीबद्दल आहे हे आधी बघायचं, निष्कर्ष नंतर.

मग केंद्र आणि राज्य यांच्यात काय? २००४ मध्ये राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नावर मत देताना सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक वायू हा केंद्राचा विषय ठरवला आणि त्याबाबत कायदा करण्याचा गुजरातचा अधिकार अमान्य केला. जमिनीवरच्या तेल-वायूचं लीज राज्य देतं, पण केंद्राच्या पूर्वमंजुरीने. रॉयल्टी राज्याला मिळते. नियम केंद्राचे. थोडक्यात खालचा गॅस राज्याचा, कायदा केंद्राचा, शेत शेतकऱ्याचं. एकाच गटावर तीन पक्ष, आणि करारावर सही त्यातल्या दोघांची आणि कंपनीची. तिसऱ्याच्या वाट्याला फक्त जमिनीचा मोबदला. आपल्याकडचा खरा प्रश्न इथे आहे.

करारांचा इतिहासही याच नजरेने वाचा. आपण बरीच वर्षं खडकाप्रमाणे परवाने वाटले. नेहमीच्या तेल-वायूला एक करार, कोळशातल्या मिथेनला दुसरा. ऑक्टोबर २०१३ च्या धोरणाने शेलची परवानगी दिली ती फक्त सरकारी कंपन्यांना, त्यांच्याकडे आधीच असलेल्या क्षेत्रांत. पहिल्या टप्प्यात ५६ ब्लॉक होते: ओएनजीसीचे ५० आणि ऑइल इंडियाचे ६. म्हणजे एखाद्या खासगी कंपनीला तिच्या ब्लॉकमध्ये शेल लागलाच, तर तो काढायचा करार तिच्याकडे नव्हता. २०१६ च्या 'हेल्प' धोरणाने नव्या ब्लॉकसाठी एकच परवाना आणला. जुन्या करारांना २०१८ मध्ये वाट मिळाली. खडक बदलला नव्हता, कागद बदलायला पाच वर्षं गेली.

कागद सोपा असता तर सगळं झालं असतं का? इथे मुंबईच्या रिलायन्सचं उदाहरण उपयोगी आहे. २०१० मध्ये तिने ॲटलस एनर्जीच्या मार्सेलस क्षेत्रात ४० टक्के हिस्सा सुमारे १.७ अब्ज डॉलरला घेतला. पण त्यातले रोख फक्त सुमारे ३४ कोटी डॉलर. बाकीची रक्कम म्हणजे भागीदाराच्या ड्रिलिंगचा खर्च आपण उचलायचा, अशी अट. या अटीला व्यवहारात 'कॅरी' म्हणतात. तिचा अर्थ नीट समजून घ्या. विकणाऱ्याला खोदायला आपले पैसे कमी लागतात, आणि लीजची मुदत संपायच्या आत खोदलं नाही तर लीज हातचं जातं. गॅसचा भाव पडला तरी खोदाईचा रेटा कमी होत नाही. भाव पडलेच. २०२१ च्या सुरुवातीला तो हिस्सा २५ कोटी डॉलर रोख आणि काही वॉरंटवर विकला गेला, आणि त्याच वर्षी रिलायन्स अमेरिकी शेलमधून पूर्ण बाहेर पडली. मालकी स्पष्ट, कायदा जुना, न्यायालयं सरावलेली, तरी व्यवहार तोट्यात. तेव्हा 'अमेरिकेसारखी खासगी मालकी दिली की शेल येईल' असं कुणी लिहिलं तर समासात प्रश्नचिन्ह काढा.

आता २०२५ ची दुरुस्ती. १९४८ च्या तेलक्षेत्र कायद्यात संसदेने मार्च २०२५ मध्ये बदल पूर्ण केले. चांगलं काय झालं? व्याख्येत शेल आणि कोळशातलं मिथेन स्पष्टपणे आलं. 'मायनिंग लीज'च्या जागी 'पेट्रोलियम लीज' आलं, त्यामुळे कोळसा-लोखंडाच्या कायद्याशी होणारा गोंधळ कमी होईल. वाद सोडवण्याची सोय आली. नियम मोडल्यास आधी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपये दंड होता. आता कैद गेली आणि दंड २५ लाखांपर्यंत गेला. राज्यांच्या हक्कांचा मुद्दा विरोधी सदस्यांनी मांडला, तोही वाचण्यासारखा आहे.

माझी टीका वेगळी आहे. ही दुरुस्ती गुंतवणूकदाराची अनिश्चितता मोजते, शेतकऱ्याची मोजत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट पाण्याची.

विहिरीचं पाणी ज्याची जमीन त्याचं, हा विचार १८८२ च्या ईझमेंट्स कायद्यापासून आपल्याकडे रुजलेला आहे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने त्यावर नियंत्रण आणलं, पण गावाच्या समजुतीत तो अजून पक्का आहे. म्हणजे एकाच गटाखाली ६० मीटरवरचं पाणी शेतकऱ्याचं आणि दोन किलोमीटरवरचा गॅस सरकारचा. गॅस काढायचा तर वरचा पाण्याचा थर भेदूनच खाली जायचं. नळीभोवतीचं सिमेंट निकामी झालं तर नुकसान कुणाच्या मालमत्तेचं? गार्झाचा प्रश्न इथे परत येतो, पण पाण्याच्या रूपात.

प्रमाणही बघा. मार्सेलसमधल्या एका आडव्या विहिरीला साधारण दीड ते दोन कोटी लिटर पाणी लागतं. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला जी पाण्याची रेल्वे गेली, ती ५० वाघिणींची झाल्यावर एका फेरीत सुमारे २५ लाख लिटर आणायची. म्हणजे एका विहिरीला सहा ते आठ रेल्वे. मराठवाड्यात हे पाणी कुठल्या हक्काने घ्यायचं, याचं उत्तर पेट्रोलियमच्या कायद्यात मिळणार नाही. ते भूजल कायद्यात आणि पाटबंधाऱ्यांच्या वाटपात शोधावं लागेल. आणि हे कायदे एकमेकांशी बोलत नाहीत.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर टीका एकांगी होईल. सरकारी मालकीचा एक फायदा आहे. वकील परवडत नाही म्हणून एखाद्याने कमी भावात सही केली, हा प्रकार आपल्याकडे होऊ शकत नाही. पण ज्याला विचारायची गरजच नाही, त्याला फसवायचीही गरज पडत नाही.

तेव्हा विषय घेताना एवढं करा. परदेशी पेपरमधला प्रत्येक प्रश्न आधी एका सातबाऱ्यावर ठेवून बघा. इथे मालक कोण, सही कुणाची, नुकसान कुणाचं? प्रश्न तिथे टिकला तर ठेवा, नाही टिकला तर सोडा.

पुसेगावच्या उत्तरेला, वाशिम-बुलढाण्यातून, समृद्धी महामार्गाला धरून गेलची गॅसवाहिनी जाते. १९६२ च्या कायद्याने वाहिनीसाठी वापराचा हक्क घेतला, की जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के मोबदला आणि सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात एक नोंद. शेतकऱ्याला निदान वाचायला एक ओळ मिळते. खालच्या खडकाबद्दल त्या रकान्यात काहीच नसतं. तुमचा शोधनिबंध त्या कोऱ्या जागेपासून सुरू करता येईल.