वीस बाइटांची चिठ्ठी

तिगाव हे नागपूर-इटारसी मार्गावरचं, मध्य प्रदेशातलं स्टेशन. इथून नागपूर किती लांब, हे तास सांगण्यापेक्षा स्टेशनं मोजून सांगणं सोपं: पांढुर्णा, नरखेड, काटोल… इंटरनेट प्रोटोकॉलची संहिता, 'आरएफसी 791', वाचताना हेच मोजमाप आठवतं. सप्टेंबर 1981 ची ही संहिता जॉन पोस्टेल यांनी संपादित केली. दिसायला ती नियमांची रूक्ष वही, पण तिच्यातले शब्द थांबून वाचावेत असे आहेत.

पाठवायचा मजकूर लहान लहान पॅकेटांत बांधायचा. प्रत्येकावर किमान 20 बाइटांची चिठ्ठी: कुठून निघालं, कुठे जायचं. वाटेतला राउटर पत्ता पाहून पुढचा टप्पा तेवढा ठरवतो. सगळी वाट त्यालाही ठाऊक नसते.

या चिठ्ठीतला सर्वांत देखणा शब्द 'टाइम टू लिव्ह', म्हणजे जगायची मुदत. जागा आठ बिटांची, म्हणून मुदत फार तर 255. मूळ हिशेब सेकंदांचा. पण पॅकेट हाताळणाऱ्या प्रत्येकानं निदान एक वजा करायचाच, असा दंडक. त्यामुळे नाव काळाचं राहिलं आणि व्यवहारात मोजले गेले टप्पे. आकडा शून्यावर आला की पॅकेट टाकून द्यायचं. भरकटलेल्यानं गोल गोल फिरत इतरांची वाट अडवू नये. पोचवण्याची हमी ही संहिता देतच नाही. हरवलेलं पुन्हा पाठवण्याची जबाबदारी टीसीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलची. आपल्याला काय जमणार नाही हे नियमातच मांडून ठेवणारं लेखन विरळा.

पुढे फेब्रुवारी 1996 मध्ये 'आरएफसी 1918' आलं. 192.168 नं सुरू होणारे पत्ते त्यानं खाजगी वापरासाठी राखून ठेवले. ही तर घरातली हाक! घरोघरी एक 'भाऊ' असतो, पण उंबरठ्याच्या आत घोटाळा होत नाही. बाहेर पडताना राउटर तो पत्ता उतरवून जगाला ठाऊक असलेला पत्ता चढवतो आणि उत्तर आलं की बरोबर त्याच भाऊच्या हाती देतो. या अदलाबदलीला 'नॅट' म्हणतात. घरात मराठी आणि सरकारी अर्ज हिंदीत, अशा तिगावच्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. उंबरठ्यावर पत्ता तेवढा बदलतो. आतला मजकूर तोच राहतो.