पत्त्यांची जादू आणि आज्ञाधारक कासव

संगणकशास्त्र शिकवायचे तर संगणक हवाच, असे आपण धरून चालतो. टिम बेल, इयन विटन आणि माइक फेलोज या तीन संगणकशास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेले ‘कॉम्प्युटर सायन्स अनप्लग्ड’ हे पुस्तक नेमके उलटे सांगते. पत्ते, दोरी, खडू आणि वर्गातील मुले एवढ्या साहित्यावर या शास्त्रातील मूळ कल्पना शिकवता येतात, असा त्याचा दावा आहे. तो कितपत खरा आहे?

त्यातील पत्त्यांची जादू पाहा. एका बाजूने काळे व दुसऱ्या बाजूने पांढरे असे २५ पत्ते एक मूल मनाला येईल तसे पाच ओळींत मांडते. शिक्षक ‘थोडे अवघड करू’ म्हणत एक ओळ व एक स्तंभ वाढवतात. आता पत्ते ३६ होतात. शिक्षकांनी पाठ फिरवल्यावर मुलाने एक पत्ता उलटायचा, आणि शिक्षकांनी तो अचूक ओळखायचा. गुपित साधे आहे. वाढवलेले पत्ते असे ठेवलेले असतात, की प्रत्येक ओळीत व स्तंभात काळ्यांची संख्या सम राहते. जिथे ती विषम झाली, त्या ओळीच्या व स्तंभाच्या छेदावर उलटलेला पत्ता! संगणकाकडे येणाऱ्या माहितीतील चूक अशाच तत्त्वाने पकडतात.

मात्र टाळ्या पडल्या म्हणजे पाठ झाला असे नव्हे. एकाच ओळीतले दोन पत्ते उलटले तर? दोन स्तंभ बिघाड दाखवतात, पण ओळ कळत नाही. आयताच्या चार कोपऱ्यांवरचे चार पत्ते उलटले, तर काहीच कळत नाही. हे मुलांना स्वतः शोधू दिले, तरच जादूचे शास्त्र होते.

पुस्तकाची खरी उणीव आज्ञावलीच्या बाबतीत जाणवते. ‘मार्चिंग ऑर्डर्स’ या खेळात एकाने सूचना द्यायच्या व इतरांनी त्याबरहुकूम चित्र काढायचे. पण मूल यंत्राइतके निर्बुद्ध होऊ शकत नाही. चुकीच्या सूचनेचाही ते योग्य अर्थ लावते आणि चूक झाकली जाते.

सेमूर पेपर्ट व सहकाऱ्यांनी १९६७ साली निर्माण केलेल्या ‘लोगो’ भाषेतील कासव असे समजून घेत नाही. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून मुलाने प्रत्येक बाजूनंतर ६० अंश वळण्याची आज्ञा दिली, तर तीन बाजूंनंतर आकृती उघडीच राहते. वळायचे असते १२० अंश! आपल्याच विचारातली चूक मुलाला समोर दिसते आणि ती दुरुस्त करण्यात त्याचे शिक्षण होते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणले आहे. त्याची तयारी म्हणून लहान वर्गांना हे पुस्तक अवश्य वापरावे. संगणक नसलेल्या शाळेला ते मोठाच आधार आहे. पण ते पुरेसे मानू नये. शाळेत एकच संगणक असला, तरी प्रत्येक मुलाची चुकीची आज्ञा त्यावर एकदा चालू द्यावी.