रंगनामांचे व्याकरण आणि खानदेशातील दोन कवी

बालकवींना 'रंगांचा कवी' म्हणण्याची प्रथा मराठी समीक्षेत इतकी रुळली आहे की या विशेषणाचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कवितेत किती रंग येतात, ते किती तरल आहेत, कोणत्या छटा एकमेकींत मिसळतात याची नोंद करून समीक्षक पुढे जातो. रंग हा डोळ्यांचा विषय आहे असे गृहीत धरल्यामुळे हे घडते. परंतु कवितेत रंग नसतो, रंगाचे नाव असते; आणि नावाला वंश असतो, व्याकरण असते. रंगाचे नाव कोठून आले यावर त्या नावाकडून कवितेत काय करवून घेता येईल हे पुष्कळ अंशी ठरते. बालकवी आणि बहिणाबाई चौधरी या जळगाव परिसरातील दोन कवींच्या संदर्भात हा प्रश्न तपासण्याजोगा आहे.

मराठीतील रंगवाचक विशेषणांचे दोन गट व्याकरणानेच पाडलेले आहेत. काळा, पांढरा, तांबडा, पिवळा, हिरवा, निळा हे शब्द विशेष्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतात: काळा बैल, काळी गाय, काळे वासरू. गुलाबी, पोपटी, बदामी, डाळिंबी, आमसुली, अबोली, मोरपंखी, विटकरी, राखाडी, तपकिरी, चिंतामणी हे शब्द बदलत नाहीत. गुलाबी फेटा, गुलाबी चोळी, गुलाबी पातळ. विशेष्य कोणतेही असो, विशेषण आपल्या जागी स्थिर. पहिल्या गटातील शब्दांना गोतावळा आहे: काळवंडणे, काळसर, तांबारलेले, तांबूस, हिरवळ, हिरवट, पिवळसर, पांढुरका. त्यांच्यापासून क्रिया निघतात, नामे निघतात. दुसऱ्या गटातील शब्द बहुधा निपुत्रिक. कोणतीही गोष्ट 'बदामणे' या क्रियेला पात्र होत नाही.

हा भेद केवळ शब्दांच्या वयाचा नाही. पहिल्या गटातील शब्दही कधीकाळी वस्तूंचेच होते. 'तांबडा'च्या मागे ताम्र आहे, म्हणजे तांबे. मात्र आज तांबडी माती म्हणताना तांब्याचे भांडे कोणाच्या मनात येत नाही. वस्तू विसरली गेली तेव्हाच रंग स्वतंत्र झाला. दुसऱ्या गटात वस्तू विसरलेली नाही. 'डाळिंबी' म्हणताच डाळिंबाचा दाणा समोर येतो, आणि तो यावा हाच त्या शब्दाचा हेतू असतो. 'जांभळा' हा शब्द मधल्या उंबरठ्यावर उभा आहे. जांभूळ त्यात स्पष्ट ऐकू येते, तरीही जांभळा, जांभळी, जांभळे असे तो चालतो. फळाच्या नावाने येऊन तो घरचा झाला. 'लाल'चे उलट झाले. फारसीतून आलेला हा शब्द मुळात माणकाचा. रत्न बहुतेकांच्या विस्मरणात गेले, शब्द 'तांबडा'च्या बरोबरीने वापरात आला, पण तो विकार घेत नाही.

एखाद्या रंगनामातून त्याच्या काळाची सीमाही काढता येते. तपकिरी रंग तपकिरीचा, म्हणजे तंबाखूचा. तंबाखू अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या हातून या देशात आली. तेव्हा हा शब्द त्याआधीच्या मराठीत असणे शक्य नाही. ज्ञानेश्वरांच्या काळी तपकिरी रंग नव्हता असे नव्हे, त्याचे काम पिंगट, भुरा, कपिल यांच्यात वाटलेले होते. 'खाकी' फारसी खाक म्हणजे धुळीपासून निघाला आणि एकोणिसाव्या शतकात लष्करी गणवेशाबरोबर घरोघरी ओळखीचा झाला. 'अस्मानी' आणि 'आकाशी' हे एकाच आभाळाचे दोन शब्द. पहिला मात्र सुलतानीच्या शेजारी बसून संकटवाचकही झाला. सर्वांत विलक्षण कथा 'किरमिजी'ची. ज्या किड्यांपासून हा रंग काढीत त्यांचे नाव त्यात आहे. फारसीतील किर्म आणि संस्कृतातील कृमी ही सख्खी भावंडे. अरबीतून युरोपात गेलेल्या याच शब्दाचे इंग्रजीत क्रिम्झन झाले. मराठी लेखक किरमिजी संध्याकाळ रंगवतो तेव्हा त्या संध्याकाळीत किडा आहे याची त्याला कल्पना नसते. असण्याची गरजही नाही.

अशा शब्दांपुढे व्युत्पत्तिकाराची वृत्ती महत्त्वाची ठरते. धुळ्याला या प्रश्नाचा वारसा आहे. वि. का. राजवाडे यांचे १९२६च्या अखेरीस धुळ्यातच निधन झाले, आणि १९२७ मध्ये तेथे स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने त्यांचे धातुकोश व नामादिशब्दव्युत्पत्तिकोश प्रसिद्ध केले. मराठी शब्द शक्यतो संस्कृत मुळापर्यंत नेऊन पोचवण्याची राजवाड्यांची ओढ सर्वश्रुत आहे. रंगनामांच्या प्रांतात ती ओढ फार दूर नेत नाही. किरमिजीचा कृमीशी संबंध दाखवून शब्द 'आपला' ठरवता येईल, पण तो ज्या वाटेने परत आला ती वाट फारसी-अरबीचीच आहे. जळगाव जिल्ह्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे देशीवादाच्या मांडणीत देशीकरणाला जे महत्त्व देतात, त्याची उदाहरणे शोधायला साडीच्या दुकानापेक्षा चांगली जागा नाही. अर्थात देशीवादाच्या नावाने शब्दशुद्धीची मोहीम काढणाऱ्यांना हे उदाहरण गैरसोयीचे वाटेल.

खानदेशात रंगाची नावे केवळ बोलण्यात नव्हती, ती शेतात पिकत होती. नीळ, कुसुंबा आणि आल ही रंगाची पिके. कुसुंब्याच्या म्हणजे करडईच्या पाकळ्यांतून कुसुंबी निघे. आलीची झुडपे काही वर्षे वाढवून, मुळे खणून, त्यांच्या सालीतून तांबडा रंग काढीत आणि तुरटीच्या साहाय्याने तो कापडावर पक्का करीत. निळीच्या पिंपातून बाहेर आलेले कापड प्रथम हिरवट दिसते आणि हवेत धरताच निळे होत जाते. फैजपूर हे गाव, १९३६च्या काँग्रेस अधिवेशनाने देशभर गाजण्यापूर्वी, कापड रंगविण्याच्या व छापण्याच्या कसबाबद्दल प्रसिद्ध होते. १८५६ मध्ये पर्किनने पहिला कृत्रिम रंग तयार केला, १८६८ मध्ये मंजिष्ठेतील रंगद्रव्य प्रयोगशाळेत बनले, १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. रंगाऱ्यांचा धंदा बसला, नावे तशीच राहिली. 'कुसुंबी' आज पाकळीवाचून जगते. म्हणजे दुसऱ्या गटातील पुष्कळ शब्द हे बुडालेल्या व्यवसायांचे उरलेले फलक आहेत, आणि ललित गद्यात ते जेव्हा मुक्तहस्ताने उधळले जातात तेव्हा समृद्धीचा जो भास होतो, त्यातील बराच भाग उसना असतो.

ब्रेंट बर्लिन आणि पॉल के यांनी १९६९ मध्ये मूलभूत रंगनामांचा सिद्धांत मांडताना वस्तूवरून आलेली नावे शंकास्पद मानली. भाषाशास्त्राच्या सोयीसाठी ते ठीक आहे. भारतीय काव्यशास्त्राला मात्र अशी सोय नको होती: नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसांचे वर्ण सांगताना करुणाचा वर्ण 'कपोत', म्हणजे पारव्याचा, सांगितला आहे. शोकाला रंग देण्यासाठी भरताला पक्षी लागला. मराठीतही 'पारवा' हा रंग आहे आणि तो पक्षीही आहे.

आता बालकवी. धरणगावी १८९० मध्ये जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना 'बालकवी' ही पदवी १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात डॉ. का. र. कीर्तिकर यांनी दिली. कीर्तिकर वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते, हा योगायोग मजेदार आहे. कारण 'फुलराणी'तील सृष्टी वनस्पतीपेक्षा वस्त्राच्या भाषेत रंगलेली आहे. आरंभीच गवताचा हिरवा रंग एकदा मराठी आणि एकदा संस्कृत शब्दाने येतो, आणि त्याला आधार दिला जातो तो गालिच्याचा व मखमालीचा. दोन्ही शब्द फारसी-अरबी वळणाचे, दोन्ही वस्तू दिवाणखान्यातील. कुरण येथे घरात आणले जाते. कविता बालसुलभ आणि देखणी आहे, पण तिच्यातील हिरवा रंग पिकणारा नाही, अंथरलेला आहे.

'औदुंबर'मध्ये हा सारा साज गळून पडतो. आठ ओळींच्या या कवितेत एकही ईकारान्त, दुकानी रंगनाम नाही. आहेत ते पहिल्या गटातील हिरवा, पांढरा, काळा, आणि निळ्याला सावळ्याशी जोडून घडविलेला एक सामासिक शब्द. या कवितेतील पायवाटेचा पांढरेपणा बहुतेक विवेचनांत चित्रमयतेच्या नावाने संपतो. खानदेशाच्या काळ्या जमिनीतून जाणारी, पायांनी मळलेली वाट पांढरी दिसते हे खरेच आहे. पण गावगाड्याच्या भाषेत 'पांढरी' आणि 'काळी' ही विशेषणे नाहीत, नामे आहेत. पांढरी म्हणजे गावठाण, जेथे माणसे राहतात ती भूमी. काळी म्हणजे कसणुकीची जमीन. येथे वस्तूने रंगाला नाव दिलेले नाही, रंगानेच वस्तूला दिले आहे. 'औदुंबर'मधील पांढरी वाट टेकडीकडच्या चिमुकल्या वस्तीपाठोपाठ येते, हिरव्या शेतांतून आडवीतिडवी पडते आणि अखेर काळ्या डोहाकडे जाते. वस्ती, पीक आणि त्यापलीकडचे अथांग, असा हा क्रम आहे. त्यातील काळा रंग जमिनीचा नाही, पाण्याचा आहे. तेथे काही पेरता येत नाही. कवितेच्या शेवटी बसलेल्या त्या वृक्षाच्या उदासीनतेबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. ती उदासीनता रंगांच्या या क्रमातच रचली गेली आहे, वृक्ष ती फक्त धारण करतो.

बहिणाबाईंचा जन्म असोद्याचा, १८८०चा. बालकवींहून दहा वर्षांनी वडील. बालकवींचा १९१८ मध्ये भादलीजवळ रेल्वे अपघातात अंत झाला, आणि बहिणाबाईंची गाणी ग्रंथरूपाने आली ती त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये. त्यांची भाषा अहिराणी म्हणून सरसकट सांगितली जाते. ती लेवा गणबोली आहे. दोन्ही बोलींत 'ळ'चा 'य' होतो आणि 'काळा'चा उच्चार 'काया' असा होतो.

वडाच्या झाडावरील त्यांच्या सुप्रसिद्ध ओळींत हिरवी पाने आहेत, लाल फळे आहेत, फळाला चोचीची उपमा आहे, आणि मग सगळ्या झाडालाच पोपटांचे पीक आले आहे. प्रमाण मराठीच्या कवीला येथे 'पोपटी' हा तयार शब्द हाताशी होता. बहिणाबाई नेमक्या उलट्या दिशेने जातात. 'पोपटी' या शब्दात पक्ष्याचे एका छटेत रूपांतर झालेले असते; पंख, चोच, किलबिल वजा करून केवळ रंग उरलेला असतो. त्यांनी छटा नाकारली आणि पक्षी परत आणला. तोही एकटा नव्हे, पिकासारखा लगडलेला. 'पीक' हा शब्द येथे निर्णायक आहे. बालकवींच्या 'फुलराणी'त गवत वस्त्र होते, येथे रंग पीक होतो.

दुसऱ्या एका ठिकाणी त्या काळ्या शेतात घाम जिरवायला सांगतात आणि मग काळ्यातून हिरवे उगवल्याचे सांगतात. व्याकरणदृष्ट्या ही रचना लक्षणीय आहे. काळे आणि हिरवे या दोन्ही शब्दांना शेवटी विशेष्य उरत नाही. हिरवे काय उगवले, हे सांगितलेले नाही. विशेषण नाम झाले आहे, जसे 'काळी'त ते पिढ्यान्‌पिढ्या झालेलेच होते. प्रमाण मराठीच्या वाचकाला बोलीतील 'काया' ऐकताना देहही ऐकू येतो आणि घामाच्या संदर्भात तो श्लेष मोहक वाटतो. हा श्लेष वाचकाचा आहे. बोलीत वाढलेल्या कानाला तेथे आधी जमीनच दिसते, आणि रचनेचे बळ त्या साधेपणात आहे. 'औदुंबर'मध्ये पांढऱ्यापासून हिरव्यातून काळ्याकडे जाणारी जी दिशा होती, ती येथे उलटली आहे. तेच रंग, जवळपास तोच मुलूख, तेच व्याकरण. फरक काळ्याच्या अर्थाचा आहे: एकाचा काळा रंग पाहणाऱ्याचा, दुसरीचा कसणाऱ्याचा.

या वाचनाविरुद्ध असे म्हटले जाईल की निरक्षर कवयित्रीपाशी रंगनामे मोजकीच असणार, आणि उणिवेला येथे गुण ठरवले जात आहे. हा आक्षेप टिकत नाही. बैलांच्या रंगांसाठी ढवळा, पवळा, बांडा असे बारकावे ज्या समाजाच्या रोजच्या बोलण्यात आहेत, त्याला छटा दिसत नव्हत्या असे म्हणता येणार नाही. शिवाय बहिणाबाईंनी रंगाचे नाव घेणे टाळले आहे असेही स्थळ आहे. वैधव्यावरील ओळींत कपाळावरची कर्माची रेघ कुंकवाखाली लपली होती आणि कुंकू पुसताच ती उघडी पडली, असे त्या सांगतात. लालाचा तेथे उच्चार नाही. कुंकू हा शब्द तेवढा आहे, आणि ते पुसले गेल्यावर उरते ती बिनरंगाची रेघ. वैधव्य तिशीत आलेल्या या बाईने तेथे तांबडा, लाल किंवा शेंदरी यांपैकी कोणताही शब्द वापरला असता तर कुंकू कपाळावरची खूण न राहता रंगांतला एक रंग झाले असते.