वर्गणीवर उभे राहिलेले बँड

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या व्हॅलेन्सिया प्रदेशात साडेपाचशेच्या आसपास संगीत मंडळे आहेत आणि बहुतेकांचा स्वतःचा बँड आहे. लोकसंख्या पन्नास लाखांच्या थोडी वर, त्यामानाने हा पसारा थक्क करणारा आहे. त्याचे श्रेय सहसा तिथल्या उत्सवप्रियतेला किंवा लोकांच्या उपजत सुरेलपणाला दिले जाते. मला ते पटत नाही. उत्सव साऱ्या स्पेनमध्ये होतात. हे बँड वाढले ते मंडळांमुळे. वाद्य हाती न धरणारा माणूसही वर्गणी भरून सभासद होतो, कार्यकारिणी निवडतो, आणि त्या पैशातून तालमीची जागा, वाद्ये आणि संगीतशाळेच्या शिक्षकांचा पगार निघतो. मूल आधी स्वरलेखन वाचायला शिकते, मग त्याला बहुधा मंडळाच्याच मालकीचे वाद्य मिळते. २२ नोव्हेंबरला संत सेसिलियाचा सण असतो. त्या सुमारास अख्खा बँड वाजतगाजत नव्या वादकाच्या दारी जातो, त्याला सोबत घेतो आणि पुढच्या घराकडे वळतो. क्लॅरिनेट घेऊन उंबऱ्याबाहेर पडणाऱ्या मुलीला त्या सकाळी सारी गल्ली पाहते. अशी मुलगी तालीम सहजासहजी बुडवत नाही.

सरकारी अनुदानावरच हे चालते, असा एक आक्षेप आहे. अनुदान मिळते आणि शाळांना त्याची गरजही आहे. पण लीरिया गावचा ‘प्रिमितिवा’ बँड १८१९ चा, त्याच गावातला प्रतिस्पर्धी ‘युनिओ म्युझिकाल’ १९०३ चा, आणि मंडळांचा महासंघ १९६८ चा. म्हणजे आधी गावाने बँड उभे केले, महासंघ मागाहून आला. एका गावात दोन बँड म्हणजे शक्तीचा अपव्यय, असेही म्हणतात. लीरियात आणि बुन्योलमध्ये उलटेच दिसते. घराणी पिढ्यान्‌पिढ्या एकेका बँडला धरून आहेत आणि त्या ईर्ष्येने दोन्हीकडच्या तालमी भरलेल्या राहतात.

स्पर्धेवरचा आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. व्हॅलेन्सिया शहरातली स्पर्धा १८८६ पासूनची. मोठ्या विभागात शंभरावर वादक मंचावर बसतात, एक रचना सक्तीची, दुसरी आपल्या पसंतीची. या स्पर्धेने संगीतकारांना काम दिले, सुषिर वाद्यांसाठी नवे संगीत लिहवून घेतले आणि स्पेनभरच्या वाद्यवृंदांना वादक पुरवणाऱ्या या प्रदेशाचा दर्जा राखला. पण बक्षिसासाठी बाहेरचे वादक पैसे देऊन बसवले जातात, तेव्हा वर्षभर तालीम केलेला गावचा मुलगा मागे पडतो. शिवाय परीक्षकांना दिपवायला लिहिलेली रचना पुष्कळदा एकदाच वाजते. उपाय स्पर्धा बंद करण्यात नाही. मंचावरचे किती वादक मंडळाच्या शाळेत शिकले, याला गुणांकनात वजन मिळाले पाहिजे.

२९ ऑक्टोबर २०२४ च्या पुरात अनेक मंडळांच्या तालीमखोल्या चिखलाने भरल्या, वाद्ये गेली, जपलेली स्वरलेखने भिजली. महासंघ किती मोलाचा, हे त्यानंतरच्या मदतकार्यात दिसले. पुराची बातमी झाली, म्हणून मदत धावली. आतल्या डोंगराळ गावांची अडचण मात्र कोणाच्या नजरेत येत नाही: तरुण शिकायला शहरात जातात, परत येत नाहीत, आणि बँडमध्ये आधी टुबा, मग हॉर्न रिकामा राहतो. महासंघाच्या तिजोरीतला पहिला पैसा या गावांच्या शिक्षकांच्या पगाराला जायला हवा, स्पर्धेच्या झगमगाटाला नंतर.