‘लाभार्थी’ या शब्दाचा हिशेब

शासकीय कागदपत्रांत एक शब्द माणसाची जागा बळकावून बसला आहे : ‘लाभार्थी’. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर राहतात. कागदावर मात्र फक्त लाभार्थी राहतात. त्यांना मिळालेल्या लाभाची नोंद होते. त्या लाभासाठी त्यांनी काय मोजले, याचा रकाना कोणत्याही नोंदवहीत नाही.

मीही लाभार्थीच. मागासवर्गीय वसतिगृहाच्या भाकरीवर शिकून आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. त्यामुळे ‘योजनांनी माणसे आळशी होतात’ हा पांढरपेशा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. माझा आक्षेप वेगळा आहे.

१९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली आणि महाराष्ट्र हादरला. त्यानंतर नवसंजीवनी योजना आली. २०१५ साली अमृत आहार योजना आली. गरोदर व स्तनदा मातेला अंगणवाडीत एक वेळचा चौरस आहार द्यायचा, ही कल्पना चांगलीच आहे. कोरडा शिधा घरी दिला तर तो साऱ्या घरात वाटला जातो. शिजवलेले अन्न मातेच्याच पोटात जाते. परंतु लांबच्या पाड्यावरच्या बाईला त्यासाठी रोज चालत यावे लागते, हातातले काम टाकावे लागते. शिवाय दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर गेले की आहार इथे आणि पोट तिथे. विद्यार्थ्यांच्या शिबिरात एका बाईला मी याबद्दल विचारले. ती म्हणाली, “गुरुजी, इथं माझं एकटीचं जेवण, तिथं सगळ्या घराचं. तुम्हीच सांगा.” मला काही सांगता आले नाही.

रोजगार हमी असताना हे कुटुंब जाते कशाला? कारण घरातले धान्य संपलेले असते तेव्हा भट्टीमालक रोख उचल देतो. २००५ च्या केंद्रीय कायद्याने पंधरा दिवसांत मजुरी देण्याचे बंधन घातले. ते अनेकदा पाळले गेले नाही. उशिरा मिळणारी रास्त मजुरी की आज मिळणारी उचल, ही निवड भुकेलेल्या माणसापुढे आपण ठेवतो आणि तिला ‘स्थलांतर’ असे निरुपद्रवी नाव देतो.

‘हे सारे आमच्या करातून’ असेही ऐकवले जाते. राज्याच्या रोजगार हमीसाठी १९७५ पासून शहरी नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला, हे खरे आहे. पण हिशेब तिथेच थांबत नाही. मोखाड्याच्या हद्दीवर मध्य वैतरणा धरण उभे राहिले. २०१४ साली त्याचे लोकार्पण झाले. पाणी मुंबईला गेले आणि मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर आले. मग धनको कोण आणि ऋणको कोण?

बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये आर्थिक संरक्षण संविधानातच लिहून ठेवण्याची मागणी केली होती, बदलत्या बहुमताच्या मर्जीवर ते सोडू नये, हा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात दुर्बल घटकांचे आर्थिक हित अनुच्छेद ४६ मध्ये, मार्गदर्शक तत्त्वांत गेले. त्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही. म्हणूनच १९७७ चा रोजगार हमी कायदा मोलाचा होता. त्याने मजुराला काम ‘मागण्याचा’ अधिकार दिला. शासन निर्णयाने दिलेले शासन निर्णयाने काढूनही घेता येते. हक्काचे तसे नसते.

योजना बंद करा, असे म्हणणारा आमचा शत्रू आहे. पण योजनेवरच समाधान माना, असे सांगणाराही आमचा मित्र नव्हे. लाभाचा रकाना सरकार भरतेच. मोजलेल्या किमतीचा रकाना आपल्या विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी पाड्यापाड्यावर जाऊन भरावा.