छावणीतला हशा आणि नोकरांचे मौन

सैनिकांचे मनोरंजन करणाऱ्या सैनिकांवरील विनोद मराठी समीक्षकाला परका वाटू नये. नाशिकजवळची देवळाली ही त्याची एक भूमीच आहे. बी.बी.सी.ची 'इट एन्ट हाफ हॉट मम' (१९७४–८१) ही मालिका तेथूनच सुरू होते. तिच्या दोन लेखकांपैकी जिमी पेरी महायुद्धकाळी देवळालीच्या तोफखान्यातील करमणूक-पथकात होता. स्त्रीवेषातले गोरे शिपाई येथे स्वतःवर हसतात, आणि देशी नोकरांनाही वाचा आहे. पण ती कसली? रंगी राम स्वतःची गणना इंग्रजांत करतो. तीही मायकेल बेट्स या गोऱ्या नटाच्या मुखाने! देवळालीची मराठी जवळजवळ कुंपणाबाहेरच राहते.

उलट, पीटर निकोल्सच्या 'प्रायव्हेट्स ऑन परेड' (१९७७) या नाटकात, १९४८च्या मलायातील साम्राज्ययुद्धाच्या पार्श्वभूमीवर, दोन चिनी नोकर बोलतच नाहीत. गाणी रंगतात, ते आपले वावरत असतात. प्रथमदर्शनी हे पात्रचित्रणातील दारिद्र्य भासेल. वस्तुतः त्या मौनामुळेच प्रेक्षकाचे हसू अस्वस्थ होते. युद्ध ज्यांच्या दारात चालले आहे त्यांना या खेळात वाटा नाही, हे नाटककार जाणतो. रंगी रामची बडबड मात्र साम्राज्याला लाडकेच ठेवते. पंख्याची दोरी ओढणाऱ्या रमझानचे उर्दूतले खोचक पुटपुटणे तेवढे तिला अधूनमधून छेद देते.