ओला, ओली, ओलं

सीमाभागातल्या कथा मी आवडीने वाचतो. वाचताना एक गोष्ट मात्र वारंवार खटकते. पहाट आली की ती ‘रम्य’, झाड ‘विशाल’ आणि माय ‘प्रेमळ’. तलमडुगूच्या शिवारात चिखल तुडवणाऱ्या माणसाच्या लेखणीतून हे शब्द का यावेत? मला यामागे भीती दिसते. १९५६ च्या पुनर्रचनेत आपल्या जिल्ह्यातले किनवट, राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, तलमडुगू इकडे राहिले. कचेरीची भाषा तेलुगू झाली. ‘तुमची मराठी तेलुगू वळणाची’ हा शेरा ऐकून ऐकून आपला माणूस लिहायला बसला, की पुस्तकी विशेषणांच्या आडोशाला जातो.

गंमत अशी, की तो आडोसाच तेलुगू वळणाचा आहे! तेलुगूत नामाआधीचे ‘मंचि’ म्हणजे चांगला, चांगली, चांगले सगळेच. नाम बदलले तरी ते बदलत नाही. आपले ‘रम्य’, ‘विशाल’ही तसेच, लिंगवचन त्यांना शिवत नाही. मराठीचा कस लागतो तो आकारान्त विशेषणांत. कापूस ओला, सरकी ओली, बोंड ओलं. पावसात सापडला तर कापूस भिजलेला, सरकी भिजलेली, बोंड भिजलेलं. तेलुगूत तिघांनाही ‘तडिसिन’ हे एकच रूप पुरते. क्रियापदापासून झालेली अशी विशेषणे आपल्या बोलण्यात पोत्याने आहेत : फुटलेलं बोंड, वेचलेला कापूस, उसवलेली शिवण. ‘प्रेमळ माय’ कुठल्याही गावची असू शकते. दिवसभर वेचून थकलेली माय आपल्याच घरची.

याचा अर्थ तेलुगूत काही उणे आहे, असा नाही. वाक्याच्या शेवटी विधान करताना तीही भेद करते : तो ‘मंचिवाडु’, ती ‘मंचिदि’. मात्र वस्तूलाही ‘मंचिदि’च (मानार्थी रूप निराळे). बाई आणि वस्तू एका रूपात, हे आपल्या कानाला चमत्कारिक वाटते. पण आपल्या नपुंसकलिंगाने शेजाऱ्यांना काय कमी छळले आहे!

मोरो केशव दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ला (१९११) शतक उलटून गेले, तरी विशेषण म्हणजे वाक्यावर घालायचा दागिना, ही समजूत आपल्यातून जात नाही. लेखकांनी ती सोडावी. घरच्या माणसांनी थोडा धीर धरावा. दुभाषी घरातले पोर ‘ओला सरकी’ म्हणाले, तर हसू नये. नुसते ‘हो, ओली सरकी’ म्हणावे. ‘ओल्या सरकीत’ ते बहुधा बरोबरच म्हणेल. प्रत्यय लागला की कापूस, सरकी, बोंड तिघांच्याही मागे मराठी स्वतःच ‘ओल्या’ हे एकच रूप ठेवते, अगदी ‘तडिसिन’सारखे.